दार्वांतीचा भात

बू चारिककडे लग्न निघालं, पण सांगायला त्या स्वतः आल्या नाहीत. त्यांनी जावेला पाठवलं. जाऊ फाटकाशीच थांबली, चप्पलसुद्धा काढली नाही. ताईला म्हणतात तसं यू लावून आईला म्हणाली, "यू सुमिरा, शुक्रवारपासून रेवांगला या हं. घरातल्या सगळ्या या." आणि लगेच पुढच्या घराकडे वळली.

आई तेव्हा विहिरीच्या कट्ट्यावर बसून तांब्याचं भांडं चिंच आणि राख लावून घासत होती. ते उंच, कंबरेत बारीक भांडं आजीकडून तिच्याकडे आलंय. खाली पाणी उकळतं, वर बांबूचा निमुळता टोपला बसतो, त्यात भात वाफेवर शिजतो. आमच्या केदुंगवारूत लग्न असो, सुंता असो, नाहीतर कुणी गेल्यावरचं हजाराव्या दिवसाचं जेवण असो, भात माझ्या आईनेच लावायचा. तसं रेवांगला, म्हणजे कार्याच्या कामाला हात लावायला, अख्खं गाव जातं. बाया आपापली सुरी आणि पाट घेऊन कार्यघरी जमतात, कुणी नारळ खवतं, कुणी फणस चिरतं, कुणी नुसतंच तोंड चालवतं. पण भाताच्या चुलीपाशी एकच बाई बसते. तिला सांगायला यजमानीण स्वतः येते, ओसरीवर टेकते, पावसापाण्याचं बोलते आणि उठता उठता म्हणते, "मग, भाताचं तुमच्याकडे."

"म्हणजे?" आईने मला विचारलं, कारण जाऊ तर गेली होती.

"म्हणजे तुला सगळ्यांसारखंच बोलावलंय."

मला हल्ली असं पटकन बोलता येतं. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला तेव्हापासून. आधी वर्गात कुणी नाव विचारलं तरी मी बाकाकडे बघायचे. आता मी कुणाच्याही डोळ्यांत बघून काहीही सांगू शकते, आणि घरात सगळ्यांना त्याचा ताप झालाय.

आई घासायची थांबली नाही. उलट जोर वाढला. भांडं आधीच एवढं लख्ख होतं की त्यात तिच्या नाकाचा फुगा दिसत होता.

खरी बातमी बापाने आणली. तो माडावरून उतरला, कमरेची रसाची नळकांडी सोडली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "चारिककडे भात दार्वांती लावणारे. गॅसवर."

"गॅसवर," आई म्हणाली.

"कपाटासारखं आहे म्हणे. दार उघडायचं, आत ताटं सरकवायची, दार लावायचं. धूर नाही, काही नाही. नवरीच्या कपड्यांना वास नको असं बू चारिकचं म्हणणं."

"आजवर इतक्या नवऱ्यांना माझ्या धुराने काही झालं नाही."

"एक परत आली होती की माहेरी."

"ती धुरामुळे नाही आली," आई म्हणाली. मग तिने भांडं उपडं घातलं आणि आत गेली. तिने सोमवारपासून उपास धरला होता, भाताला बसायच्या आधी ती दर वेळी धरते. त्या दुपारी तिने केळं खाल्लं. आमच्या सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या.

दार्वांती कोण ते सांगायला हवं, कारण माझंही दुखणं तिथेच आहे. ती आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. बरीच वर्षं हाँगकाँगला कुणा म्हाताऱ्या जोडप्याकडे कामाला होती. तिची मुलगी केस्या तेव्हा आजीजवळ असायची, म्हणजे खरं तर आमच्याकडेच असायची. आमच्याकडे जेवायची, माझ्या बाकावर बसायची, माझी आई तिच्या उवा काढायची. गेल्या वर्षी दार्वांती परत आली. घराला फरशी बसली, दाराला काचा आल्या, केस्याला नवी स्कूटर आली आणि केस्या माझ्या बाकावरून पुढच्या बाकावर गेली. या लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला गुलाबी जाळीचे झगे घालून ज्या मुली दारात उभ्या राहणार होत्या, त्यांत केस्या पहिली. मला पेले विसळायला सांगितलं होतं. माझा आवाज चांगला आहे, उंची चांगली आहे, दात केस्यापेक्षा सरळ आहेत. पण ठीक आहे, पेले तर पेले.

यंदा पाऊस वेळेआधी गेला. वरच्या वाडीतली सगळी खाचरं भेगाळून पडली होती. आमच्या विहिरीत बादली टाकली की खाली दगडाला आपटल्याचा आवाज यायचा. भात पिकला तो फक्त खालच्या वाडीत, कालव्याच्या कडेला. वरचे लोक दुकानातून आणून खात होते. हे मी शेतीचं पुराण म्हणून सांगत नाहीये. पुढचं सगळं यावरूनच झालं.

शुक्रवारी आम्ही गेलो. बू चारिकच्या मागच्या अंगणात ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि मध्यभागी ते कपाट. स्टीलचं, माझ्या खांद्याएवढं, अंगावर अजून प्लास्टिक चिकटवलेलं. दार्वांती त्याच्याजवळ मांजराचं चित्र असलेला एप्रन घालून उभी. बाया येत होत्या, त्यात आपली तोंडं बघून केस नीट करत होत्या.

आईला छोटे कांदे सोलायला बसवलं. तिच्या शेजारी वाडीतलीच तुर्सिना. कांदे बरे, कारण डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी विचारत नाही.

"यू सुमिरा, तुला सुरी चांगली चालवता येते की," तुर्सिना म्हणाली. "इतकी वर्षं कधी बघायलाच मिळालं नाही."

"बघून घे."

"मी आपलं कौतुक केलं."

"मी पण आपलं उत्तर दिलं."

तेवढ्यात म्बाह कार्सी, म्हणजे कार्सीआजी, आल्या. त्या गावातल्या सगळ्यात जुन्या. ऐकू कमी येतं, म्हणून बोलतात सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. काठी टेकत त्या आईसमोर थांबल्या. "अगं, तू इथे कांद्यांत काय करतेस? तुझी जागा तिकडे ना?"

सगळ्या सुऱ्या एकदम थांबल्या. कपाटाजवळ दार्वांतीने मान वळवली.

"पाठ दुखते, म्बाह," आई म्हणाली. "आता वाकवत नाही."

आणि ती वाकून कांदे सोलत राहिली.

आहेराचा तांदूळ यायला लागला. प्रत्येक बाई फडक्यात बांधलेलं घमेलं घेऊन यायची, बू चारिकची जाऊ ते घ्यायची आणि चटईवर ओतायची. ढीग वाढत होता. आई मान खाली घालून सोलत होती, पण तिचं लक्ष ढिगावर होतं हे मला कळत होतं, कारण ती सालं टोपलीत आणि कांदे मातीत टाकायला लागली होती. शेवटी ती पाणी प्यायला म्हणून उठली, ढिगाजवळून गेली, एक मूठ उचलली, हुंगली आणि परत टाकली. येऊन बसली आणि परत सुरी उचलली.

"काय?" मी विचारलं.

"दोन जातींचा आहे." ती ओठ न हलवता बोलत होती. "खालच्या वाडीचा नवा आणि वरच्यांचा दुकानातला, जुना, वाळलेला. मी वेगवेगळ्या टोपल्या ठेवते दर वेळी. हा एकत्र लावला तर नव्याचा चिखल होईल आणि जुना खडाच राहील."

"मग सांग ना तिला."

"मी?" आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच तांदूळ मिसळले. "मी सांगू?"

मग मला उमगलं. आईने सांगितलं असतं तर बाया म्हणाल्या असत्या, बघा, पोटात दुखतंय म्हणून नाक खुपसतेय. आणि सांगितलं नसतं आणि भात कच्चा राहिला असता, तर काय म्हणाल्या असत्या ते तर आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कुलूप घातलं. कार्यघरात कुणाचं मन जळत असलं की भाताला कुलूप बसतं. मग कितीही जाळ करा, कितीही वाफ द्या, दाणा आतून पांढराच. आणि यंदा या गावात सगळ्यात जास्त जळायचं कारण कुणाला होतं, हे कुणाला शोधायला जायला नको होतं.

पलीकडच्या गावात अशी एक बाई आहे. भावाच्या लग्नात भात कच्चा राहिला आणि बोट तिच्याकडे गेलं. तेव्हापासून तिला कुणी रेवांगला बोलवत नाही. ती आहेराचं घमेलं पाठवते, लोक घेतात, पण तिचा तांदूळ ढिगात कुणी ओतत नाही, कोंबड्यांना घालतात. लग्नघरावरून जाताना ती सायकलवरून उतरते आणि खाली बघत सायकल हाताने ढकलत जाते. आम्ही लहानपणी तिच्या मागे पळायचो.

"केस्याला सांग," आई म्हणाली. "तुलाच सुचलं असं सांग. शाळेत शिकवलं म्हण."

केस्या आतल्या खोलीत गुलाबी झगा घालून बघत होती. मी म्हटलं, "तुझ्या आईला सांग, तांदूळ दोन प्रकारचे आहेत, वेगळे लावायला हवेत."

केस्या आरशातूनच बोलली. "मशीनला सगळं एकच असतं."

"मशीनला असेल. दातांना नसतं."

"तुझ्या आईने पाठवलं ना?"

"शाळेत शिकवलं," मी म्हणाले, जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी. केस्याने झग्याची कड नीट केली. "जळू नका ना ग तुम्ही दोघी. छान दिसत नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर आईने नमाजानंतर हात पसरले, आणि ती एरवी मनातल्या मनात मागते, त्या दिवशी पुटपुटत होती. मी ऐकलं. "दार्वांतीचा भात नीट शिजू दे. मऊ होऊ दे. एकही दाणा कच्चा राहू देऊ नकोस." इतक्या रागाने कुणी कुणासाठी दुआ मागितलेली मी पाहिलेली नाही. जबडा आवळलेला, मानेची शीर तटतटलेली.

"मनापासून माग की," बाप म्हणाला.

"मनापासूनच मागतेय," आई म्हणाली. "म्हणून तर त्रास होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा कपाट फुसफुसत होतं. खरंच धूर नव्हता. फटीतून पांढरी वाफ येत होती आणि सगळ्या बाया त्याच्याभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या, हात पुसायचं निमित्त करून. मांडवात लाउडस्पीकरवर घंटा-झांजांचं गामेलान लावलं होतं. केस्या दारात गुलाबी होऊन उभी होती आणि मी पेल्यांच्या टबापाशी. साबणाने माझी बोटं सुरकुतून गेली होती.

दार्वांतीने दार उघडलं. वाफेचा लोट गेला. भात दिसायला फार सुंदर होता. पांढरा, फुललेला, ताटभर. "वा," तुर्सिना म्हणाली. आई कांद्यांच्या पाटावरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण सुटल्यासारखं होतं आणि कुणी लुटल्यासारखंही होतं.

दार्वांतीने दोन बोटांत दाणा चिरडला. दुसरा चिरडला. मग ताट आत सरकवून दार लावलं.

थोड्या वेळाने परत उघडलं. परत लावलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिने सगळ्यांकडे पाठ केली होती. गॅसची ज्योत मोठी केली. एप्रनवरचं मांजर घामाने ओलं झालं होतं.

बायांना कळायला वेळ लागत नाही. आधी कपाटाजवळच्या गप्प झाल्या, मग नारळवाल्या, मग मसाल्यावाल्या. फक्त गामेलान चालू होतं. बू चारिक रेशमी कबाया, म्हणजे लांब पोलकं, घालून, अंबाड्यात फुलं खोचून आल्या. "पाहुणे बसायला लागलेत. काय झालं?"

कुणीच काही झालंय असं म्हणालं नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. एकीने पदराशी चाळा केला, एकीने मसाला ढवळला. मग एकेक करून नजरा वळायला लागल्या. सरळ कुणी बघत नव्हतं. आधी कांद्यांच्या टोपलीकडे, मग सुरीकडे, मग सुरी धरलेल्या हाताकडे, मग आईकडे.

"मीठ आणा," म्बाह कार्सी मोठ्याने म्हणाल्या. "कुणाच्या मनात काही कडू असेल तर तिने भातावर चिमूट टाकावी आणि मोकळं व्हावं. त्यात लाज कसली."

आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं ती निघून जाईल. गेली असती तर संपलंच होतं. मला ती सायकल दिसायला लागली, आणि मागून पळणारी पोरं.

आई उठली. हात लुगड्याला पुसले. कपाटाजवळ गेली, दार्वांतीला हाताने बाजूला सारलं, दार उघडलं, एका ताटातून पळीभर भात बशीत घेतला आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. आमटी नाही, मिरची नाही, नुसता भात. तिने मोठा घास घेतला आणि चावला.

त्याचा आवाज झाला. शपथ सांगते, गामेलानमधूनसुद्धा ऐकू आला. खडीवरून चालल्यासारखा.

आईने गिळलं. गळ्यातून तो घास खाली जाताना दिसला.

"शिजलाय," ती म्हणाली.

आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक घासाला तिचे डोळे जरा मिटत होते. बशी रिकामी करून तिने ती उपडी करून दाखवली. "छान शिजलाय. मऊ आहे."

आता बघा, आमच्या गावात एवढं ठासून सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? बू चारिकची जाऊ पुढे झाली, ताटातला चिमूटभर तोंडात टाकला, कपाळाला आठी पडली, म्हणाली, "हो. शिजलाय." तुर्सिनाने घेतला. "मला तर वाटतं जरा जास्तच शिजलाय." बशी परत भरली आणि हातोहात फिरली. सगळ्यांचे जबडे कुडुमकुडुम चालत होते आणि सगळ्या माना डोलावत होत्या. बशी माझ्यापाशी आली. स्पर्धेत माझा विषय होता, खरं बोलण्याचं धैर्य. दाणा माझ्या मागच्या दाढेत अडकला. मी म्हणाले, "शिजलाय."

"मग वाढायला घ्या," बू चारिक म्हणाल्या. त्यांनी चाखला नव्हता, ओठांना रंग लावलेला होता.

तुर्सिनाने पहिलं ताट बाहेर ओढलं.

"थांबा," दार्वांती म्हणाली. तिने ताटाची दुसरी कड धरली. "कच्चा आहे."

"नाही ग," जाऊ म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी खाल्ला."

"कच्चा आहे तो. मला कळतं की." ताटाची कड तिने सोडली नाही. "कुणी कुलूपबिलूप घातलेलं नाही. मी दोन्ही तांदूळ एकत्र धुतले. पाणी एकाच मापाने घातलं. माझ्या मुलीने मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मला जमलं नाही, बस्स."

म्हणजे केस्याने सांगितलं होतं तर. सगळ्या परत आईकडे बघायला लागल्या. या वेळी सरळ. आईच्या दातांत अजून काहीतरी होतं, ती जिभेने ते काढत होती.

"मला तर शिजलेला लागला," ती म्हणाली.

"तुझ्या दातांची कमाल आहे," म्बाह कार्सी म्हणाल्या, आणि मग जे हसू फुटलं ते कुणाला आवरेना. बू चारिकच्या अंबाड्यातलं फूल खाली पडलं. आई हसली नाही.

पुढे काय झालं ते मी तुकड्यातुकड्यांत पाहिलं, कारण मला मांडवात पाठवलं. वेळ काढायचा होता. इमामांची दुआ झाली होती, पाहुण्यांना दोनदा चहा झाला होता. बू चारिकनी माझ्या हातात माइक दिला. "बोल काहीतरी. तुला येतं ना." मी पेले विसळलेल्या ओल्या हातांनी माइक धरला आणि खरं बोलण्याचं धैर्य यावरचं माझं सगळं भाषण केलं, टाळ्यांसकट. ते संपलं तेव्हा मागून खूण आली, अजून. मी तेच परत, जरा सावकाश केलं. दारात केस्या उंच टाचांवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मला फार बरं वाटलं. लपवायचं कशाला?

मधे पाणी प्यायला मागे गेले तेव्हा आई कपाटाच्या मागच्या बाजूला उकिडवी बसली होती, कुणाला न दिसेल अशी. ती खालच्या आवाजात बोलत होती आणि दार्वांती तेच वरच्या आवाजात सगळ्यांना सांगत होती.

"ज्योत बारीक कर," आई कुजबुजली.

"ज्योत बारीक करा ग," दार्वांती म्हणाली.

"उकळतं पाणी शिंपड. ओतू नको, शिंपड. वरून केळीची पानं दाब."

"उकळतं पाणी आणा. पानं आणा, पानं."

बाया धावत होत्या. दार्वांती म्हणेल ते करत होत्या. आई गुडघ्यांत मान घालून बसली होती, जणू तिची खरंच पाठ दुखत होती.

भात झाला तो बरा झाला. काही दाणे गिचका, काही जरा कडक, पण वर फणसाची भाजी आणि अंड्याचा रस्सा पडल्यावर कोण बघतं? पाहुणे जेवले, ढेकर दिले, बरोबर दिलेल्या जेवणाच्या टोपल्या घेऊन घरी गेले. नवरीच्या कपड्यांना धुराचा वास आला नाही.

तिसऱ्या दिवशी भात लावणारीच्या मानाचा आहेर निघाला. आख्खी कोंबडी, केळीचा घड, वर लाल कागदाची फुलं. बू चारिकची जाऊ तो डोक्यावर घेऊन आमच्या फाटकासमोरून गेली आणि दोन घरं पुढे थांबली. आई अंगण झाडत होती. झाडलेलंच तिने परत झाडलं.

"निदान अर्धी कोंबडी तरी पाठवायची," ती म्हणाली.

पण खरा जळफळाट कालव्यावर झाला. पाणी घोट्याएवढंच होतं, म्हणून सगळ्या बाया एकाच डबक्याभोवती दाटीने धुणं धूत होत्या. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. दार्वांतीचं मन बघा. एवढ्या लोकांत उभं राहून म्हणाली, माझं चुकलं. कोण म्हणतं असं? परदेशात राहून आली पण अहंकार नाही. आणि दुसऱ्यावर बोट जात होतं ते तिने स्वतःकडे घेतलं.

आई चादर आपटत होती. आपटता आपटता थांबली. "आणि मी कच्चा भात बशीभर गिळला, त्याचं काय?"

"तू तर म्हणालीस शिजलाय," तुर्सिना म्हणाली.

"म्हणजे शिजला होता का?"

"आम्हाला काय माहीत? तू म्हणालीस म्हणून आम्ही म्हणालो."

आईने चादर परत आपटली. घरी येताना वाटभर ती बोलत होती, बादली माझ्या हातात, पिळे तिच्या खांद्यावर. "माझी पोटदुखी रात्रभर. भात वाचवला मी. मान तिला. आणि आता खरं बोलायचं कौतुकही तिलाच. माझ्यासाठी काय ठेवलंय या बाईने? काहीतरी ठेवायचं की नाही?" दार्वांतीच्या घराजवळ आल्यावर ती गप्प झाली. काचेच्या दारात आमच्या दोघींची ओली चित्रं पडली. आईने तिथे बघून केस सारखे केले, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन झपझप पुढे गेली.

पुढच्या महिन्यात तुर्सिनाच्या मुलाची सुंता ठरली. एका दुपारी ती आमच्याकडे आली. जावेला पाठवलं नाही, स्वतः आली, आणि सोबत म्बाह कार्सी, काठी टेकत. दोघी ओसरीवर बसल्या. आई आत गेली आणि तिने कानामागचे केस बसवले, नवं लुगडं नेसावं की नाही याचा विचार केला, नाही नेसली, आणि चहा घेऊन आली. पावसाचं बोलणं झालं. अजून आला नव्हता. मी दारात उभी राहून आईची बोटं बघत होते. ती चटईचा धागा ओढत होती.

"मग," तुर्सिना म्हणाली, आणि आई ताठ झाली. "भात दार्वांती लावणारे. गॅसवर."

आईने धागा सोडला.

"तिने आता वेगळ्या टोपल्या केल्यात," तुर्सिना घाईने म्हणाली. "पण यू, आमचं एक मागणं होतं. कसं सांगू..." तिने म्बाहकडे बघितलं.

"त्यात कसं काय?" म्बाह कार्सी म्हणाल्या, तीन घरं ऐकतील अशा आवाजात. "भात उतरला की पहिला घास तू खायचा. तू शिजलाय म्हणालीस की वाढायचा, नाही म्हणालीस की नाही वाढायचा. सगळ्या वाडीचं ठरलंय."

"मीच का?"

"तुझ्याइतकं त्या बाईवर जळणारं दुसरं कोण आहे गावात? तूच शिजलाय म्हणालीस तर मग कुणाला शंका राहील?"

तुर्सिना चहाच्या पेल्यात बघत होती. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान ताठ झाली, आणि मला वाटलं आता ही दोघींना चहासकट हाकलणार.

"पहिला घास," आई म्हणाली. "म्हणजे तुर्सिनाच्या आधी?"

"माझ्या आधी," तुर्सिना म्हणाली.

"इमामांच्या आधी?"

"त्यांच्याही."

"आणि दार्वांती? तिने चाखायच्या आधी?"

"तिने चाखायचाच नाही," म्बाह म्हणाल्या. "ती बशी धरून तुझ्यासमोर उभी राहील."

आईने ते डोळ्यांसमोर आणून बघितलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ती नीट, सावकाश बघत होती, दार्वांती, एप्रन, बशी, सगळं. मग तिने म्बाहंचा पेला भरला आणि साखर जरा जास्तच घातली.

"बशी नको," ती म्हणाली. "पाट मांडा आणि ताट द्या. आणि मी जे असेल तेच सांगेन हं."